खंजिरीचा ठोका आणि अंकांची गाळणी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ज्या वाद्याला वऱ्हाडात गावोगाव प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या खंजिरीचा ठोका ध्वनियंत्राची कठोर परीक्षा घेतो. कारण कातड्यावर थाप पडताच कडेच्या चकत्यांतून उठणारा झणत्कार निःशब्दतेतून एकाएकी उद्भवतो आणि मानवी श्रवणाच्या वरच्या सीमेपर्यंत पोहोचतो. खारपाणपट्ट्याच्या सपाट मुलखातील भातकुली तालुक्यात भजनाला बसणाऱ्यांच्या कानांना हा नाद चांगला परिचित आहे. म्हणून सीडी प्लेअरमधील अंकीय फिल्टरची ओळख याच वाद्याच्या आधारे करून देणे मला उचित वाटते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने अंकरूपाने नोंदलेले असतात. त्यांतून सलग ध्वनी पुन्हा उभा करताना २२,०५० हर्ट्झच्या वर मूळ ध्वनीच्या अनाहूत प्रतिमा उमटतात. त्यांना अटकाव करावा, पण २०,००० पर्यंतचे सारे निर्वेध जाऊ द्यावे, असा दुहेरी हुकूम फिल्टरला पाळावा लागतो. सोनीच्या सीडीपी-१०१ या पहिल्या यंत्रात हे काम रूपांतरानंतरच्या विद्युत्मंडलाकडे होते. फिलिप्सने मात्र नमुन्यांचा वेग चौपट करून त्याचा बराच भार अंकगणितावर टाकला, आणि पुढे हीच तजवीज रूढ झाली.

सीमा जितकी तीव्र, तितका फिल्टर थरथरतो. रेषीय कलेच्या (लिनिअर फेज) फिल्टरमध्ये ही थरथर ठोक्याच्या दोन्ही अंगांस सारखी पसरते. म्हणजे आलेख काढला तर थाप पडण्यापूर्वीच्या शांततेतही, सेकंदाच्या सहस्रांशाइतक्या अवधीत, बारीक लहरी दिसतात. किमान कलेचा (मिनिमम फेज) फिल्टर सारी थरथर ठोक्यानंतर ढकलतो, जिथे मोठ्या आवाजाच्या छायेत ती कानाला अधिक सहज झाकली जाते. मात्र त्यात वरचे स्वर किंचित मागेपुढे सरकतात. मंद उताराचा फिल्टर कमी थरथरतो, पण चकत्यांची चकाकी थोडी उतरवतो आणि काही प्रतिमाही निसटू देतो.

हा फरक कानाला किती जाणवतो? माझ्या मते फारच थोडा. ती थरथर बावीस हजार हर्ट्झच्या आसपासची, आणि प्रौढ वयात पुष्कळांना पंधरा-सोळा हजारांच्या पलीकडचे ऐकूच येत नाही. शिवाय मुद्रणात त्या सीमेजवळचा ध्वनी असेल तरच फिल्टर थरथरतो. लाखेच्या जुन्या तबकड्यांवर तो मुळात उतरलेलाच नसे. त्या मुद्रणांचे भवितव्य प्लेअरच्या फिल्टरवर नव्हे, तर सुई, फीत आणि अंकीकरण करणाऱ्याच्या काळजीवर अवलंबून असते. एमपीथ्रीच्या अतिसंकोचाने ठोक्याआधी जी खरखर येते, ती मात्र साध्या कानालाही कळते.

तेव्हा ज्यांच्या घरी भजनांच्या जुन्या फिती असतील, त्यांनी फिल्टरांच्या नावांत गुंतण्यापूर्वी त्या फिती जाणकाराकडून, स्वच्छ यंत्रावर, एमपीथ्रीसारखा संकोच न करता उतरवून घ्याव्यात.