रेडिओ तिकडे, माणूस इकडे

पृथ्वीच्या एका बिंदूवरून निघालेल्या रेडिओलहरीला नेमक्या विरुद्ध बाजूला पोचायचं, तर वीस हजार किलोमीटर कापावे लागतात. त्याला लागतात सुमारे ६७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. आयनांबर आणि जमीन यांच्यामध्ये उड्या मारत जाणारी वाट थोडी लांबची पडते, म्हणून आणखी काही मिलिसेकंद धरू. आता समजा, पुण्यातला एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे बसून बोलतो आहे आणि त्याचा रेडिओ साठ किलोमीटरवरच्या शेतघरात आहे. त्याचा आवाज इंटरनेटवरून त्या शेतघरापर्यंत जायला शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. शेतघरापासून ब्राझीलपर्यंतचा प्रवास त्याच्या निम्म्या वेळात होतो. दूरवरून रेडिओ चालवण्याच्या छंदातली गंमत आणि कटकट दोन्ही या उफराट्या हिशेबात आहेत. लांबचा टप्पा निसर्ग सांभाळतो, जवळच्या टप्प्यात मात्र सगळं बिघडतं.

एवढा खटाटोप करायचा कशाला? शहरातल्या गोंगाटामुळे. हा गोंगाट कानाला ऐकू येत नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर, लिफ्टचे विद्युत नियंत्रक हे सगळे लघुलहरींच्या पट्ट्यात खरखर ओतत असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.३७२ ही शिफारस मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचे आकडे देते. त्यांतून हिशेब केला तर ७ मेगाहर्ट्झवर शहर आणि शांत ग्रामीण भाग यांच्यातला फरक सुमारे २४ डेसिबल निघतो. शहरातला गोंगाट शक्तीच्या मापात अडीचशेपट! जो दुर्बळ संकेत खेड्यात स्वच्छ ऐकू येतो, तो शहरात कितीही महागडा रेडिओ घेतला तरी गाडलेलाच राहतो. शिवाय ७ मेगाहर्ट्झची साधी डायपोल अँटेना वीस मीटर लांब असते, आणि ती गच्चीवर ताणायला सोसायटीची परवानगी मिळवणं हा स्वतंत्र अध्याय आहे.

म्हणून रिग, म्हणजे रेडिओसंच, आणि अँटेना गावाकडे ठेवायची, आपण शहरात बसायचं. आयकॉम कंपनीच्या आयसी-७०५, आयसी-७६१० आणि आयसी-९७०० या रिगांमध्ये जाळ्याला जोडण्याची सोय आतच आहे. लोकप्रिय आयसी-७३०० मध्ये ती नाही, तिच्याशेजारी एक संगणक ठेवावा लागतो. स्वीडनच्या मायक्रोबिट कंपनीच्या रिमोटरिग या जोडपेट्या वापरल्या तर संगणकही लागत नाही. एक पेटी रेडिओपाशी, दुसरी माणसापाशी. यंत्रणा कोणतीही असो, तारेतून तीन गोष्टी वाहतात. रेडिओला दिलेल्या आज्ञा आणि त्यांची उत्तरं ही पहिली, दोन्ही दिशांचा आवाज ही दुसरी, आणि ‘आता प्रसारण सुरू कर, आता थांब’ हा इशारा तिसरी. बिघाड शोधताना यांतली कोणती वाहत नाही हे आधी पाहावं. ‘चालत नाही’ हे वर्णन काही कामाचं नाही.

वारंवारता पडद्यावर दिसते, डायल फिरवली की आकडे बदलतात, पण स्पीकर गप्प. ही तक्रार फार वेळा होते. आयकॉमच्या आरएस-बीए१ या प्रणालीत नियंत्रण ५०००१, आज्ञा ५०००२ आणि आवाज ५०००३ अशा तीन वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून, म्हणजे जाळ्याच्या क्रमांक दिलेल्या दारांतून, जातात. राउटरमध्ये पहिले दोन उघडले आणि तिसरा राहिला, की हेच होणार. रिमोटरिगचं नियंत्रण ११०००, आवाज १३००० आणि जोडणी जुळवण्याचं काम ५०६० या पोर्टावर चालतं. हा शेवटचा पोर्ट इंटरनेट-टेलिफोनचाही आहे. त्यामुळे काही राउटर ‘मदत’ म्हणून त्यावरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटांत ढवळाढवळ करतात आणि जोडणी अर्धवट राहते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची खूण असते, ती काढून टाकावी. या आगाऊ मदतीने आजवर किती जणांच्या रविवारच्या सकाळी गिळल्या असतील!

याहून चिवट अडचण पत्त्याची. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट-पत्त्यांची एकूण संख्या ४३० कोटींच्या आसपास, आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. सोसायटीचं नाव पाकिटावर आहे, पण फ्लॅटचा नंबर नाही, अशी त्या घराची अवस्था. आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून आत येणारं पत्र मात्र गेटवरच अडकतं. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टापूत असेल, तर आपण सामायिक पत्त्यामागे आहोत. हा टापू २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. पत्ता वेगळा दिसला तरी ‘माझा पत्ता काय’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी तो जुळतो का, हेही पाहावं. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या शेतघरात बहुधा हेच सापडतं. उपाय तीन: सेवादात्याकडून पैसे मोजून स्थिर पत्ता घ्यायचा, नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता दोन्ही टोकांना मिळत असेल तर तो वापरायचा, किंवा दोन्ही टोकं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी बोगद्याने, बांधायची. माझं मत व्हीपीएनच्या बाजूने आहे. त्यात रेडिओचे पोर्ट जगाला उघडे राहत नाहीत, आणि परक्या माणसाने आपल्या प्रक्षेपकाचं बटण दाबण्याची धास्तीही उरत नाही.

आवाज तुटतो म्हटलं की लोक मोठ्या वेगाचा प्लॅन घेतात. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. रेडिओवरच्या बोलण्याचा पट्टा तीन किलोहर्ट्झच्या आतबाहेर असतो. तो न दाबता, सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट अशा हिशेबाने पाठवला, तरी १२८ किलोबिट पुरतात. खरा शत्रू वेगळाच आहे: पाकिटं एकसारख्या अंतराने न येणं. एक २० मिलिसेकंदांत आलं, पुढचं ९० मध्ये, तिसरं आलंच नाही. यावर उतारा म्हणजे पलीकडे थोडी पाकिटं साठवून मग सावकाश वाजवायची. साठा वाढवला की आवाज सलग होतो, पण उशीर वाढतो. टेलिफोनच्या जगात एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही असं मानतात. गप्पांना तेवढं चालतं. जगभरच्या गर्दीत एखाद्या दुर्मिळ केंद्राला हाक मारताना मात्र तोच उशीर नडतो. तुम्ही बोलायला लागता तेव्हा समोरच्याने दुसऱ्याला उत्तर देऊन टाकलेलं असतं.

मोर्सचं दुखणं याहून खोल. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने एक टिंब ६० मिलिसेकंदांचं असतं. पाकिटांच्या अंतरातला चढउतार तेवढाच झाला, तर टिंबाची रेघ होते किंवा टिंब गायब होतं. त्यात चालकाने आपल्याच कीचा आवाज दूरच्या रेडिओकडून फिरून आलेला ऐकला, तर हात अडखळतो. दोन अक्षरांत माणूस बावचळतो. म्हणून तो आवाज आपल्याच बाजूला तयार करायचा. तारेतून ‘की खाली, की वर’ असे तुटक इशारे पाठवण्याऐवजी प्रत्येक इशाऱ्याचा काळ मोजून पाठवायचा, नाहीतर सरळ अक्षरंच पाठवायची. पलीकडचं यंत्र ती अचूक लयीत वाजवतं.

एफटी८ या डिजिटल पद्धतीची गोष्ट नेमकी उलटी आहे. भौतिकीचे नोबेल विजेते जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन फ्रँके यांनी ती २०१७ मध्ये आणली. तिच्यात १५ सेकंदांच्या ठरलेल्या खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीत १२.६४ सेकंद प्रसारण चालतं. घड्याळ एखाद्या सेकंदाहून जास्त चुकलं की संपर्क जुळणं मुश्किल होतं. तिथे आवाज इंटरनेटवरून आणूच नये. प्रोग्राम शेतघरातल्या संगणकावर चालवावा आणि आपण त्याचा फक्त पडदा पाहावा. मग इंटरनेट कितीही लंगडं असलं तरी बिघडत नाही. एवढं करूनही काहीच उकललं जात नसेल, तर आधी त्या संगणकाचं घड्याळ तपासावं.

आता या विषयातला सर्वांत चक्रावणारा बिघाड. ऐकणं उत्तम, सगळं सुरळीत, आणि प्रसारणाचं बटण दाबलं की जोडणी तुटते. सोडलं की काही क्षणांनी परत येते. सेवादात्याला फोन करून उपयोग नसतो, कारण त्याची लाइन ठणठणीत असते. संशय दोघांवर: वीजपुरवठा आणि खुद्द रेडिओलहर.

शंभर वॉटची रिग प्रसारण करताना १३.८ व्होल्टला २० अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते. वायर बारीक असेल, तिचा रोध ०.०५ ओहम जरी असला, तरी तिथेच एक व्होल्ट गळतो. राउटर त्याच पुरवठ्यावर असेल तर तो गुदमरून नव्याने सुरू होतो. दुसरा संशयित जास्त धूर्त. १४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २१ मीटर, तिचा चतुर्थांश सव्वापाच मीटर. राउटरपासून रिगपर्यंत गेलेली लॅनची वायर नेमकी तेवढी असली, तर ती स्वतःच अँटेना बनते, आपणच सोडलेली शक्ती झेलते आणि थेट राउटरच्या पोटात नेऊन सोडते. म्हणूनच असा बिघाड अनेकदा एकाच पट्ट्यावर दिसतो. १४ वर जोडणी तुटते, ७ वर सगळं आलबेल.

दोघांना वेगळं करायचं तर अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता गिळणारा रोध, लावावा आणि पूर्ण शक्तीने प्रसारण करावं. तरीही तुटलं तर दोष पुरवठ्यात. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर तुटतंय, तर दोष लहरीचा. मग यूएसबी, लॅन आणि वीज अशा प्रत्येक वायरीचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घ्यायचे. लघुलहरींसाठी ३१ क्रमांकाचं मिश्रण चांगलं. नुसती वायर आरपार घालून फारसं भागत नाही; अडथळा ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पाच वेढे एकाच्या पंचवीसपट. आणि एवढ्यावरही हट्ट सुटला नाही, तर लॅनच्या जागी काचतंतूचा तुकडा टाकावा. काच रेडिओलहर झेलत नाही. मी तर म्हणेन, नवं केंद्र उभारताना सुरुवातच काचतंतूने करावी. नंतर कडी घालत फिरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

काही बिघाडांमागे निव्वळ रिगचा पत्ता चुकलेला असतो. आयकॉमच्या आज्ञा सोळा-पायाच्या अंकांत जातात. आधी दोनदा एफई, मग रिगचा पत्ता, मग विचारणाऱ्याचा, मग आज्ञा, शेवटी एफडी. आयसी-७३०० चा कारखान्यातून आलेला पत्ता ९४, आयसी-७०५ चा ए४. रिग बदलली आणि प्रोग्राममध्ये जुना पत्ता तसाच राहिला, तर वायर, पोर्ट, ड्रायव्हर सगळं बरोबर असूनही पलीकडून चकार शब्द येत नाही. झोपलेल्या रिगला उठवण्याचीही खास तऱ्हा आहे. आयसी-७३०० ला ‘चालू हो’ ही आज्ञा देण्याआधी १९,२०० च्या वेगाला २५ वेळा आणि १,१५,२०० च्या वेगाला तब्बल १५० वेळा एफई पाठवावा लागतो. वेग बदलला आणि ही संख्या बदलायची राहिली, तर रिग ढिम्म हलत नाही.

याच्या उलट बिघाडही होतो, रिग न सांगता बोलू लागते. संगणक सुरू होताना सीरियल पोर्टच्या तारांवरचे इशारे क्षणभर बदलतात. त्याच तारा प्रसारणाच्या इशाऱ्याला जोडलेल्या असतील, तर कोणी न सांगता प्रक्षेपक सुरू होतो. विंडोज अपडेटनंतर ध्वनीची उपकरणं अदलाबदल झाली, की ईमेल आल्याची टिंगसुद्धा हवेत जाते. रिगमधली प्रसारणाची वेळमर्यादा म्हणूनच कधीही बंद ठेवू नये. अमेरिकेच्या नियमांत तर तारेने किंवा रेडिओने दूरनियंत्रित होणाऱ्या हौशी केंद्राचा दुवा बिघडला, तर प्रसारण तीन मिनिटांच्या आत थांबलंच पाहिजे अशी सोय सक्तीची आहे. भारतात परवाना दूरसंचार विभागाकडून, केंद्राच्या ठिकाणासह मिळतो. दुसऱ्या जागी रिग हलवण्याआधी त्यातल्या अटी वाचाव्यात.

आपला आवाज पलीकडे कसा जातो हे ऐकायची एक नामी युक्ती आहे. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेलं वेबएसडीआर नावाचं ग्रहणकेंद्र आहे. ते लघुलहरींचा अख्खा पट्टा एकदम पकडतं, त्यामुळे शेकडो श्रोते एकाच वेळी आपापली वारंवारता लावू शकतात. संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोपची वाट खुली असेल, तेव्हा शेतघरातून बोलावं आणि ब्राउझरमध्ये स्वतःलाच युरोपातून ऐकावं. घोगरेपणा, तुटकपणा, मागे येणारी वीजपुरवठ्याची गुणगुण, सगळं तिथे उघडं पडतं.

आणि एक काम कोणत्याही प्रोग्रामला जमत नाही. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले, की अँटेनाची केबल रिगपासून काढून दूर टाकावी लागते. रिलेने ती दुरून तोडता येते, पण रिलेच्या दोन टोकांमधली काही मिलिमीटरची फट आभाळातल्या विजेला काहीच नाही. त्यासाठी शेतावर राहणारा माणूस हवा आणि तो फोन उचलणारा हवा. केबलला लाल पट्टी बांधून ठेवावी, म्हणजे कोणती काढायची हे त्याला फोनवर सांगता येतं.