सात वर्षं एकाच जागी! गुहेतला ओल्म इतका संथ का जगतो?

गुहेतला प्राणी म्हटलं की आधी आठवतं ते वटवाघूळ. पण वटवाघळाला गुहा लागते ती आसऱ्यासाठी. पोट भरायला ते रात्री बाहेर पडतंच. काही प्राणी मात्र जन्मापासून मरेपर्यंत गुहेतच राहतात. युरोपातला ‘ओल्म’ हा त्यांपैकी एक.

ओल्म हा बेडकासारखाच उभयचर, पण सॅलॅमँडरच्या गटातला. इटलीचा ईशान्य कोपरा, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बॉस्निया-हर्झेगोव्हिना या पट्ट्यात चुनखडीचे डोंगर आहेत. पावसाच्या पाण्यात चुनखडी हळूहळू विरघळते आणि जमिनीखाली गुहा व नद्यांचं जाळं तयार होतं. ओल्म राहतो तो तिथल्या थंड, काळोख्या पाण्यात. लांबी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर, अंग फिकट गुलाबी, पुढच्या पायांना तीन बोटं आणि मागच्या पायांना दोनच. पूर्वी मोठ्या पावसात हे प्राणी वाहून बाहेर आले की लोकांना ती जमिनीखालच्या ड्रॅगनची पिल्लं वाटत. वाल्वासोर या लेखकाने १६८९ मध्येच या समजुतीची नोंद केली होती.

डोळे कुठे गेले?

ओल्मच्या पिल्लाला डोळे असतात. पुढे त्यांची वाढ थांबते आणि त्यांच्यावर कातडी चढते. उजेडात राहणाऱ्या प्राण्याचे डोळे अधू झाले तर तो जगणं कठीण. मिट्ट काळोखात मात्र अधू डोळ्यांनी काहीच बिघडत नाही. त्यामुळे डोळ्यांतले दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. शिवाय डोळा आणि दृष्टीसाठी लागणारा मेंदूचा भाग चालवायला लागणारी ऊर्जाही वाचते. ओल्म भक्ष्य शोधतो ते वास, पाण्यातली कंपनं आणि अगदी क्षीण विद्युत क्षेत्र यांच्या आधारे.

घाई नाहीच

गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणजे झाडं-शेवाळ नाही. बाहेरून जे वाहून येईल त्यावरच सगळ्यांची गुजराण. अशा ठिकाणी टिकतो तो कमी खर्चात जगणारा. ओल्म काही खायला न मिळताही वर्षानुवर्षं तग धरतो. बॉस्निया-हर्झेगोव्हिनातल्या एका गुहेत पाणबुड्यांनी ओल्मना खुणा करून लक्ष ठेवलं, तेव्हा एक ओल्म तब्बल २,५६९ दिवसांनी, म्हणजे सात वर्षांनंतरही, त्याच जागी सापडला!

फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत अनेक दशकं ओल्म पाळून नोंदी ठेवल्या गेल्या. त्यावरून दिसलं, की ओल्म वयात यायलाच १५-१६ वर्षं लागतात, मादी सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालते आणि काही ओल्म शंभरी गाठू शकतात.

संथपणाची किंमत

हाच संथपणा आता ओल्मच्या मुळावर येऊ शकतो. मातीच्या जाड थरातून झिरपताना पाणी बरंचसं गाळलं जातं. चुनखडीच्या भेगांतून मात्र ते थेट खाली उतरतं आणि शेतातली खतं, सांडपाणी, कारखान्यांचा कचरा सोबत नेतं. स्लोव्हेनियातल्या क्रूपा नदीच्या उगमाजवळ कारखान्याच्या कचऱ्यातली ‘पीसीबी’ नावाची विषारी रसायनं पाण्यात उतरली आणि तिथल्या ओल्मच्या शरीरातही सापडली. उंदरांची संख्या घटली तर काही महिन्यांत भरून निघते. ओल्मला तेवढ्यासाठी कित्येक दशकं लागतील. दीर्घायुष्यामुळे विषही शरीरात साठत राहतं.

२०१६ मध्ये स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेच्या मत्स्यालयात एका मादीने साठहून अधिक अंडी घातली. पहिलं पिल्लू बाहेर यायला चार महिने लागले आणि शेवटी जगली ती वीसेक पिल्लं. ती वयात येतील २०३० च्या आसपास. तोवर त्यांच्या रानातल्या भाऊबंदांना लागणार आहे ते फक्त स्वच्छ पाणी, आणि त्याच भूजलावर वर राहणाऱ्या माणसांचीही तहान भागते.