कडीपाट उघडा राहू द्या

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या भरगच्च बाजारपेठेत जुन्या घराचे काम निघाले की पहिला निर्णय बहुधा छत झाकण्याचाच होतो. वरच्या कड्या धुराने आणि वर्षांनी काळवंडलेल्या असतात, मधूनच माती गळते, उंची असमान वाटते. कंत्राटदार जिप्समचे फॉल्स सीलिंग सुचवतो, त्यात दिवे बसवण्याच्या खोबणी काढतो. भिंतींना खालून ओल चढलेली असते, तिच्यावर प्लायवूड किंवा पीव्हीसीचे पॅनेल येते. उरलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट. पंधरा-वीस दिवसांत घर नवे दिसू लागते, आणि त्याच दिवसापासून ते आजारी पडायला लागते. लाकडी सांगाड्याच्या घरात सजावट आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे नसतात. आत काय लावायचे हा वरवर आवडीचा प्रश्न खरे तर घर किती वर्षे उभे राहणार याचा प्रश्न असतो, आणि त्याचे एका वाक्यातले उत्तर असे की पेलणारे काहीही कायमचे झाकू नये.

हे पटायला घर कसे चालते ते पाहावे लागते. सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली, 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सुताच्या पैशावर पेठा वाढल्या. त्या काळातल्या सधन माणसाची हौस कुठवर जाऊ शके ते पाहायचे तर अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन पाहावे. आज तिथे महापालिकेचा कारभार चालतो. पण व्यापाऱ्याचे नेहमीचे घर याहून पुष्कळ साधे: पुढे दुकान, मागे किंवा वर राहणे, मधे चौक, शेवटी परस. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. पाटांवर काटक्यांचा किंवा पाल्याचा थर, त्यावर माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा लेप. हेच माळवद. पांढरी माती ओली झाली की फुगून मिटते आणि पाणी पन्हळीकडे वाहून जाते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात असले छप्पर एक पावसाळाही काढणार नाही, इथे ते पिढ्यान् पिढ्या टिकले. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मातीचा जाड थर दिवसभराचे ऊन अडवून धरतो, आणि छताला ठेवलेल्या साण्यातून तापलेली हवा वर निघून जाते. भिंती दगडाच्या, आत मातीचा दर्जा, वर चुन्याचा गिलावा. भिंत ओल घेते आणि सोडतेही. या घराला जलरोधक असे काहीच नसते. त्याचा सगळा भरवसा भिजून वाळण्यावर असतो.

या बाबतीत जगात त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. इंग्लंडमधली ट्यूडर काळातली, म्हणजे 1485 ते 1603 या काळातली घरे ओकच्या लाकडी चौकटीची, मधल्या खणांत काटक्यांची वीण आणि तिच्यावर माती-शेण-चुन्याचा लेप. पांढऱ्या भिंतीवर काळ्या तुळया हे त्यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, पण तो काळा रंग बऱ्याच घरांवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हौसेने चढला; त्याआधी पुष्कळ ठिकाणी ओक नुसता रुपेरी होऊ दिलेला किंवा चुन्याने पोतलेला असे. पुढे डांबरासारखे लेप आणि सिमेंटची भर आली. सिमेंट सुकताना आकसते, लाकूड आणि भर यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून पावसाचे पाणी आत शिरते आणि सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. चारशे वर्षे टिकलेल्या तुळया काही दशकांत आतून कुजल्या. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून तिचे सांगणे हेच राहिले आहे: जीर्णोद्धाराच्या नावाखाली घर नव्याने घडवू नका, नित्याची निगा राखा. याच्या उलट टोकाला विसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडच्या उपनगरांत बांधलेली ट्यूडर धाटणीची घरे. त्यांतल्या अनेकांच्या तुळया म्हणजे विटेच्या भिंतीवर ठोकलेल्या फळ्या, त्या काहीच पेलत नाहीत. त्या झाकल्या, काढल्या, निळ्या रंगवल्या तरी घराला फरक पडत नाही. पेठेतल्या घराची तुळई मात्र खरी आहे, हे विसरून तिच्याशी त्या फळीसारखे वागले जाते.

लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर गेला आणि तसाच राहिला की बुरशी लागते. वाळवीलाही दमट, अंधारे, हालचाल नसलेले ठिकाण हवे असते. फॉल्स सीलिंगच्या वरची वीतभर पोकळी हे तिन्ही पुरवते. उघड्या कडीपाटावर गळतीचा डाग पहिल्याच पावसात दिसतो, माळवदावर दोन टोपल्या पांढरी माती टाकून काम भागते. झाकलेल्या छतात तोच डाग जिप्सम भिजून खाली यायला लागेपर्यंत कळत नाही, आणि तोवर तुळईचे भिंतीत शिरलेले टोक गेलेले असते. तुळई मधे सहसा मोडत नाही, टोकाला कुजते. आणि टोक नेमके भिंतीच्या ओलीत असते. भिंतीचेही तेच. सिमेंटच्या गिलाव्याने ओल थांबत नाही, तिची वाट तेवढी बंद होते. मग ती आणखी वर चढते, गिलाव्यामागे क्षार साठतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. घरमालक म्हणतो भिंत खराब आहे, म्हणून पॅनेल लावतो. पॅनेलमागे काय चालले आहे ते घुशी आणि वाळवी सोडून कोणाला ठाऊक नसते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सौंदर्याचा नाही, जिवाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली ती दगड-मातीच्या घरांखाली. सोलापूर तिथून लांब नाही. अशा घरांचे गुणगान करणे बेजबाबदारपणाचे नाही का? आक्षेप खराच आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मातीचे वजन पाहा: दहा फूट लांब-रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे सुमारे साडेचार टन. दर पावसाळ्याआधी नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, असे दोन-तीन पिढ्या चालले की हे ओझे दुप्पट होते. पण त्या भूकंपानंतरच्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. पडल्या त्या प्रामुख्याने जाड दगडी भिंती. त्या भिंती आतला आणि बाहेरचा असे दोन थर रचून, मधे माती-चिपा भरून उभारलेल्या होत्या आणि दोन्ही थर बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. ज्या घरांचे छत स्वतंत्र लाकडी खांबांवर होते, त्यांतल्या अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. म्हणून मजबुतीकरणाच्या शिफारशीही त्याच दिशेच्या होत्या: छतावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या. यांतले एकही काम खांब प्लायवूडच्या पेटीत आणि तुळई जिप्सममागे ठेवून होत नाही. किल्लारीचा धडा उघड्या सांगाड्याच्या बाजूचा आहे. झाकलेले जुने छत सुरक्षित नसते, ते सुरक्षित दिसते, आणि ही दुसरी गोष्ट जास्त वाईट.

दुसरे आक्षेप रोजच्या राहण्यातले आहेत आणि माझ्या मते त्यांनाही मान दिला पाहिजे, कारण घरात राहणाऱ्या माणसाला वारसा म्हणून धूळ खायला सांगणे हा आगाऊपणा आहे. कडीपाटातून माती पडते, उंदीर धावतात, कधी विंचू निघतो. दुकानात काचेचे शोकेस आणि स्वच्छ उजेड हवा, वरच्या खोलीत एसी हवा, आणि एसीला उंच, फटींचे छत परवडत नाही. त्यासाठी जुन्यांनी केलेली सोय होती: कड्यांखाली ताणून बांधलेले कापडाचे छत. ते धूळ झेलते, हवा खेळू देते, आणि काढून धुता येते. ज्या गावाच्या चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात छतासाठी प्लास्टरचे पत्रे मागवावे लागावेत हे मला जरा विचित्र वाटते. एसीच हवा असेल तर कड्यांच्या मधल्या खणांत स्क्रूने बसणाऱ्या, सहज निघणाऱ्या फळ्या बसवाव्यात. तुळया दिसत्या राहतील आणि पावसाळ्याआधी प्रत्येक खण उघडून पाहता येईल. जे सुट्टे आहे ते लावायला हरकत नाही. वायरिंगही भिंतीत चर खणून नेण्यापेक्षा पट्टीवरून उघडे न्यावे. मातीच्या दर्ज्याच्या भिंतीत घेतलेला आडवा चर तिची ताकद काढून घेतो, हे इलेक्ट्रिशियनला कोणी सांगतच नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांच्या डोक्यावर बांधलेले संडास-बाथरूम हे जुन्या घराचे खरे मारेकरी आहे. भूकंप शतकातून एकदा येईल, नळ रोज गळतो. पाण्याची कामे परसाकडे, जमिनीवर, स्वतःच्या वेगळ्या भिंतींवर न्यावीत. जागा अडचणीची झाली तरी चालेल.

मग खर्च आणि कारागीर. चुन्याची घाणी कुठे उरली, गूळ-हिरड्याचे पाणी घालून चुना मळणारा गवंडी कुठून आणायचा, असे विचारले जाते. गवंडी थोडे आहेत हे खरे. पण सगळ्या घराला नवा गिलावा कोण मागतो आहे? जुना चुना जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावायचा नसतो. जिथे सुटला आहे तेवढाच तुकडा काढून चुना-वाळूने भरायचा आणि वर चुन्याची सफेदी द्यायची. सुताराचेही तसेच. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा सांध्यात बसवता येतो, अख्खी तुळई बदलावी लागत नाही. पैशाची अडचण बहुधा वेगळीच असते: घर एकाचे, दुकान भाडेकरूचे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून जुनी भाडी जागच्या जागी राहिली; 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण शंभर रुपयांवरचे चार टक्के ते किती. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सांगाड्यावर खर्च करत नाही, आणि दोघांनाही परवडते ते एकच काम होते: दर्शनी भाग आणि छत झाकणे. पुढे महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि घर पाडण्याजोगे ठरते. या गुंत्याला सजावटीत उत्तर नाही. पण दुकान सजवण्यावर जो खर्च भाडेकरू स्वतःहून करतोच, त्यातला निम्मा माळवदावर झाला तर त्याचेच दुकान टिकेल, इतके गणित दोघांनाही समजण्यासारखे आहे.

आणि शोभेचे काय? तिची या घरात कमतरता कधीच नव्हती. कोनाडे, फडताळे, खांबांवरचे कोरीव हस्त, चौकटीवरची वेलबुट्टी, पायाखालची शहाबादी फरशी, साण्यातून पडून दिवसभर खोलीत फिरणारा उजेड. ऑइलपेंटचे थर उतरवले की यातले बरेचसे आपोआप परत मिळते. कोनाड्यात दिवा लावला तर छताला खोबणी पाडावी लागत नाही. चुन्यात थोडी नीळ किंवा गेरू मिसळून येणारा रंग दुकानातल्या शेडकार्डात सापडणार नाही, आणि तो दर दोन वर्षांनी स्वस्तात पुन्हा देता येतो. याउलट हल्ली ‘वाडा थीम’ म्हणून पोकळ खांब आणि फायबरचे हस्त लावलेली उपाहारगृहे निघाली आहेत. ती अमेरिकन ट्यूडरच्या जातीची. ती चालोत बापडी. पण खऱ्या सागवानी खांबाला प्लायवूडमध्ये चिणून शेजारी खोटा खांब उभा करणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

पेठेत ज्यांच्या डोक्यावर अजून कडीपाट आहे, त्यांनी मृगाआधी एवढे करावे: फॉल्स सीलिंगचा भिंतीलगतचा एक चौकोन काढावा, बॅटरी घेऊन तुळईचे टोक पाहावे आणि त्यात खिळा रुतवून बघावा. खिळा सहज आत गेला तर रंगाऱ्याला थांबवून आधी सुताराला बोलवा.