आधी कोण गेलं?

साताऱ्यात जिल्हा न्यायालयाच्या आसपास दिवाणी वकिलांची कार्यालयं आहेत. त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात कायद्याची पुस्तकं काचेच्या कपाटात असतात आणि टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. काम चालतं ते त्या गठ्ठ्यावर. अशील आल्या आल्या सातबारा पुढे करतो आणि भांडण सांगायला लागतो. मुरलेला वकील ते ऐकतो, पण लिहून घेत नाही. तो कागदाच्या माथ्यावर एक चौकट काढतो, तिच्यात मयत आजोबांचं नाव लिहितो आणि विचारतो, "यांना मुलं किती?"

"दोन."

"आणि मुली?"

"तीन."

हा दुसरा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. अशाच एका कार्यालयात मी बसलो होतो त्या दिवशी आलेल्या तिन्ही कुटुंबांना तो विचारावा लागला. चौकटीखाली पाच रेघा उतरल्या, त्यांच्या खाली नातवंडं. अर्ध्या तासात कागदावर वंशावळ उभी राहिली. सर्वसामान्य घरातला कायद्याचा प्रश्न म्हणजे गुन्हा, अटक, जामीन असं सिनेमामुळे वाटतं. सातारा-सांगलीकडे तो बहुतेकदा असा रेघांचा असतो.

त्या तिन्हींतलं कोरेगाव तालुक्यातलं कुटुंब मी नीट पाहिलं. जमीन आजोबांनी स्वतः खरेदीखतानं घेतलेली, कालव्याच्या पाण्याची, उसाची. आजोबा 1984 साली गेले, मृत्युपत्र नाही. तेव्हाच्या फेरफारात कब्जेदार म्हणून दोन मुलांची नावं लागली आणि तिन्ही बहिणींची 'इतर हक्क' या रकान्यात सरकवली गेली. असे सातबारे या भागात ढिगानं आहेत. त्याहून जुन्या नोंदींत थोरल्या भावाच्या नावापुढे नुसतं 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीची भावंडं त्या तीन अक्षरांच्या पोटात. आता एका मुलाच्या मुलाला, म्हणजे या बहिणींच्या भाच्याला, विकास सोसायटीचं कर्ज काढायचं होतं आणि सातबारा सरळ करून हवा होता. भाचा माथाडी कामगार, राहायला कोपरखैरणेला. सोबत थोरली आत्या होती, सत्तरीच्या पुढची.

मधली आत्या वारलेली. वकिलांनी तिच्या चौकटीत फुली मारली आणि पेन तसंच धरून विचारलं, "आधी कोण गेलं? आजोबा की ह्या?"

भाचा म्हणाला, "त्याच साली दोघं. काय फरक पडतो?"

फरक काय पडतो ते वकिलांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे आजोबांचे पहिल्या वर्गातले वारस सहा: आजी, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला सहावा हिस्सा. मुलगी बापाआधी गेली असेल तर तिचा सहावा हिस्सा थेट तिच्या दोन मुलांना जातो, नवऱ्याचा संबंध येत नाही. ती बापानंतर, अगदी महिन्याभरानं गेली असेल, तर हिस्सा आधी तिला मिळाला आणि मग तिच्याकडून पुढे उतरला. विवाहित स्त्रीच्या मिळकतीला मुलं आणि नवरा बरोबरीनं वारस असतात. म्हणजे त्या सहाव्या हिश्श्याचे तीन वाटे आणि एक वाटा जावयाचा. नंतर आजी गेली, तिच्या हिश्श्याचे पाच भाग झाले. त्यात मात्र आधीच वारलेल्या मुलीचा भाग फक्त तिच्या मुलांकडे गेला, जावई तिथे नाही. एकच माणूस एका मृत्यूत वारस, दुसऱ्यात नाही. गणित केलं तर आत्या आधी गेली असल्यास तिच्या मुलांना प्रत्येकी एक दशांश. नंतर गेली असल्यास प्रत्येकी 180 पैकी 13 आणि जावयाला 180 पैकी 10. शाखेचा एकूण पाचवा हिस्सा दोन्हीकडे तोच.

"म्हंजे दाजींचं नाव आमच्या सातबाऱ्यावर?" भाच्यानं विचारलं. दाजी म्हणजे मधल्या आत्याचे यजमान; त्यांनी पुढे दुसरं लग्न केलेलं.

मृत्यूचा दाखला कुणाकडे नव्हता. पण थोरली आत्या म्हणाली, "आबांच्या तेराव्याला व्हती की ती. माज्या शेजारी बसली व्हती. संक्रांतीनंतर गेली." वकिलांनी 'नंतर' असं लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. आठवणीवर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करत नाहीत; ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीचा उतारा आणायला सांगितलं. नोंदच झालेली नसेल तर उशिरा नोंदीच्या आदेशासाठी वेगळा अर्ज, म्हणजे आणखी एक फाइल.

तारखा विचारण्याची ही सवय उगाच नाही. दिवाणी वकिलाच्या डोक्यात काही तारखा पक्क्या बसलेल्या असतात. 17 जून 1956 च्या आधी मृत्यू असेल तर मुलींची गोष्टच वेगळी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखं जन्मतः सहहिस्सेदार मानणारी महाराष्ट्राची दुरुस्ती 1994 ची, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची, तिनं लग्नाची अट काढली. आणि त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला: नको. कोरेगावच्या जमिनीला यातलं शेवटचं काही लागू नाही, ती आजोबांची स्वकष्टार्जित. पण "आमची वडिलोपार्जित हाय" असं प्रत्येकच जण सांगतो, म्हणून खरेदीखत पाहिल्याशिवाय वकील पुढे सरकत नाहीत.

वारसाच्या वादाचं साताऱ्याला नवल नसावं. 1848 साली छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेबांनी मृत्युशय्येवर घेतलेलं दत्तक डलहौसीनं नामंजूर केलं आणि राज्य खालसा झालं. त्याआधी पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. निकाल हाती काही आला नाही. आजच्या अशिलांच्या तक्रारी ऐकताना मला ते अधूनमधून आठवत होते. वारस दाखल्यासाठी आजही दिवाणी न्यायालयात अर्ज होतो तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली, म्हणजे प्रतापसिंह गादीवर होते तेव्हाच्या नियमाखाली. बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांसाठी लागतो तो उत्तराधिकार प्रमाणपत्राचा कागद निराळा, 1925 च्या कायद्याचा. लोक एक काढून दुसरीकडे नेतात आणि परत येतात.

शेतजमिनीला मात्र सहसा न्यायालयापर्यंत जावं लागत नाही. तलाठ्याकडे (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून भाऊसाहेबच) वारसांनी तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. गाव नमुना 6-क मध्ये वारस लिहायचे, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मयतांची नावं हटवायला 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर निघाली, तरी वकिलांचं टेबल रिकामं झालेलं दिसलं नाही. नोंद झाली म्हणजे मालकी ठरली, हा समज मोडण्यातच त्यांचा निम्मा दिवस जातो. फेरफार महसुलासाठी असतो. नाव राहिलं म्हणून बहिणीचा हक्क जात नाही, आणि नाव लागलं म्हणून भावाचा वाढत नाही.

सांगलीकडे, विशेषतः विट्याच्या बाजूला, अडचण वेगळी. खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सोनं-चांदी आटवायची दुकानं केरळपासून बंगालपर्यंत. वंशावळ लगेच निघते, माणसं एका जागी येत नाहीत. दस्ताला स्वतः येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं आणि ते ज्यानं त्यानं आपल्या राहत्या ठिकाणच्या निबंधकासमोर करायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला सहीचा फोटो इथे चालत नाही, हे मी एका दिवसात बरेचदा ऐकलं.

हक्कसोडपत्राचा विषय निघाला की खोलीतला आवाज बदलतो. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र आता 500 रुपयांच्या मुद्रांकावर होतं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. स्वस्त कागद आहे, म्हणूनच मला तो धोक्याचा वाटतो. दिवसकार्य आटोपून परत निघायच्या आत बहिणींच्या सह्या घ्यायच्या, साडीचोळी करायची, हा रिवाज अजून आहे, आणि "माहेर तुटायला नको" हे वाक्य पोटगीपासून वाटपापर्यंत कुठल्याही कायद्यापेक्षा जास्त काम करतं. वकील सहीआधी बहिणीला एकटीला बसवून दस्त वाचून दाखवतात. सगळेच तसं करतात असं मी म्हणणार नाही.

इथे थोरल्या आत्याला वाचून दाखवायची वेळ आली नाही. भाचा म्हणाला, "आत्या, तू सोडतीस ना?"

"न्हाई."

"मग वाटून घेणार?"

"वाटून काय करू? ऊस तुमीच लावा. नाव ऱ्हाऊ द्या."

वकिलांनी भाच्याला समोरासमोर सांगितलं: नाव कब्जेदारात आलं की विक्रीला आत्याची सही लागेल, गहाणाला लागेल, सोसायटीही मागेल, मन बदललं तर वाटपाचा दावाही त्या करू शकतात. मालमत्तेच्या दाव्यात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न पाहता मिळतो. भाच्यानं विचारलं, दावा किती वर्षं चालतो. प्राथमिक हुकूमनामा, मग कलेक्टरकडून सरसनिरस वाटप, मोजणी, अपिलं. दुसरं अपील पूर्वी मुंबईला जायचं, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. आकडा वकिलांनी सांगितला नाही.

"मग नकोच दावा," भाचा म्हणाला. आत्यानं विचारलं, दाखला ग्रामपंचायतीत मिळेल की कोरेगावला जावं लागेल. आधी ग्रामपंचायतीत बघा, वकील म्हणाले, आणि मधल्या आत्याच्या मुलांना सोबत घेऊन जा. आईचा दाखला त्यांनी मागितलेला बरा.