कॅनडातली पदवी आणि पुढचे १८० दिवस

कॅनडात शिक्षण संपलं की पदवीदान समारंभाची वाट पाहत बसू नका. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं पत्र किंवा अंतिम गुणपत्रिका हाती आली की १८० दिवसांची मुदत सुरू होते. ‘पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट’चा अर्ज त्याच मुदतीत करायचा असतो. स्टडी परमिटची मुदत संपण्याआधी अर्ज केला आणि बाकीच्या अटी पूर्ण असल्या, तर निर्णय येईपर्यंत पूर्णवेळ नोकरी करता येते. घरभाडं भरणाऱ्या मुलांसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

किमान आठ महिन्यांच्या मास्टर्सला आता तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. इतर अभ्यासक्रम दोन वर्षांहून कमी असेल, तर परमिटही साधारण तेवढ्याच काळाचं.

पासपोर्टकडे मात्र आधी बघा. त्याची मुदत लवकर संपत असेल, तर परमिटही तिथंच थांबतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो. म्हणून परीक्षेची तारीख शेवटच्या सत्रातच घ्यावी. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. छोट्या अभ्यासक्रमावर ते खर्च करण्यापूर्वी पुढचं शिक्षण ठरवून टाका.