बेंजो: नागोयाची पेटी, लालबागचा आवाज

ऑगस्ट उजाडला आणि परळच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती बाहेर पडू लागल्या, की हिंदमाता ते चिंचपोकळी या पट्ट्यात रविवारी मुंगीला शिरायला जागा उरत नाही. आगमनाची गर्दी विसर्जनाच्या तोडीची असते. त्या गर्दीत ढोल असतात, ताशे असतात, झांजा असतात; पण या सगळ्यांच्या वरून एक बारीक, धारदार, किंचित किनरा सूर येतो आणि पुलाखाली शिरला की दुप्पट होऊन अंगावर येतो. मूर्ती अजून नजरेत आलेली नसते, तरी कडेला उभी असलेली बाई शेजारणीला सांगते, "आली गं, बेंजो लागला." सुराच्या मागून टेम्पो येतो, टेम्पोवर पार्टीच्या नावाचा फलक असतो आणि पुढच्या बाजूला मान खाली घालून एक पोरगा दोन हातांनी लाकडी पेटी वाजवत असतो.

ती पेटी म्हणजे बेंजो. अमेरिकेतल्या गोल, चामडं ताणलेल्या बँजोशी तिचा संबंध नावापुरताच. गिरणगावातल्या बेंजो पार्टीला मी मुंबईच्या कामगार वस्तीने स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला वाद्यवृंद मानतो. शाहिरी कलापथकांवर पुस्तकं लिहिली गेली, भजनी मंडळांच्या स्पर्धा झाल्या, जाखडीच्या शक्ती-तुऱ्याला नाट्यगृह मिळालं. बेंजोच्या वाट्याला रस्ता आला, आणि रस्त्यावरचं संगीत आपण क्वचितच कान देऊन ऐकतो.

वाद्य जवळून पाहिलं तर रचना साधी आहे. हातभरापेक्षा थोडी लांब, अरुंद पेटी. तिच्यावरून पोलादी तारा गेलेल्या. त्यांतल्या काहींवर चाल वाजते, बाकीच्या आधारस्वर धरतात. तारांच्या वर बटणांच्या दोन ओळी, एक शुद्ध स्वरांची आणि एक कोमल-तीव्र स्वरांची. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. बोट सोडलं की बटण स्प्रिंगने वर येतं. स्वराची जागा बटणाने ठरवून दिलेली असल्याने सतारीसारखी मींड इथे निघत नाही. तारेचा नाद लवकर विरतो, म्हणून लांब स्वर धरायचा तर नखी पुढे-मागे इतक्या वेगाने चालवावी लागते की मनगट दिसेनासं होतं. हातात जीव असलेला वादक बटण टेकल्यावर आणखी दाबतो. ताण वाढतो, स्वर केसभर वर सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. कोळीगीतातली ती लाडिक हेलकाव्याची जागा या केसभर फरकातून येते. यंत्राने जे नाकारलं ते बोटाने मिळवायचं, आणि हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

आता या पेटीचं मूळ गाव. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने 1912 साली ती बनवली. ते सम्राट ताइशोच्या राजवटीचं पहिलंच वर्ष, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. मोरिता पश्चिमेकडचे देश फिरून आला होता आणि बटणांची कल्पना त्याला टाइपरायटरवरून सुचली. जपानी घरांतून चालत आलेलं तंतुवाद्य शिकायला वर्षं लागत. मोरिताच्या पेटीवर आकडे लिहिलेले होते आणि आकड्यांत लिहिलेलं गाणं पाहून कोणीही संध्याकाळपर्यंत एखादी चाल बसवू शकत असे. वाद्य स्वस्त होतं, हलकं होतं, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानी कापड, काचसामान आणि खेळणी जहाजं भरभरून आशियाच्या बंदरांत उतरत होती. त्याच मालासोबत ही पेटीही निघाली.

हिंदी महासागराच्या काठाने तिचा माग काढला तर मन थक्क होतं. केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या लग्नांत गायल्या जाणाऱ्या तारब संगीतात ती ताइशोकोतो म्हणून बसली. बलुचिस्तानात ती मोठी झाली, तिचा बेंजू झाला आणि मकरानच्या किनाऱ्यावरचे लोक तिला आपलंच वाद्य मानू लागले. भारतात ती बुलबुल तरंग म्हणून घराघरांतल्या फळीवर गेली. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा त्यावर सिनेमाचं गाणं वाजवून टाळ्या घेई. सगळीकडे एकच गोष्ट घडली. ज्यांच्याकडे उस्तादाची फी भरायला पैसे नव्हते आणि रियाजाला दहा वर्षं मोकळी नव्हती, अशा माणसांनी ही पेटी उचलली आणि तिच्याकडून आपल्या बोलीची गाणी वाजवून घेतली.

मुंबईतल्या चाळींनी तिच्यात पिकअप बसवला आणि तिथून तिचा स्वभावच बदलला. घरात कुजबुजणारी पेटी कर्ण्यातून निघाली ती ढोलताशाला भिडण्याइतकी खणखणीत होऊन. मग तिच्याभोवती बाकीचा ताफा जमला. तालासाठी ढोलकी, ताशा, कधी संबळ आणि हलगी. भराव्यासाठी कॅसिओ. आणि पॅडवर काठ्या मारून हवा तो आवाज काढणारा ऑक्टापॅड. कॅसिओ टोकियोची कंपनी. ऑक्टापॅड बनवणारी रोलँड ओसाकामध्ये 1972 साली सुरू झाली. म्हणजे गणपतीपुढे वाजणाऱ्या पार्टीतली तीन वाद्यं जपानहून आलेली आणि त्यांना चालवणारा ताल मात्र पूर्ण कोकणातला, घाटावरचा, कोळीवाड्यातला. भजनाच्या डग्ग्यावर आणि जाखडीच्या पायांवर वाढलेल्या कानांनी तो तिथे आणला.

या ताफ्याचं खरं कसब रस्त्यावरच कळतं. रंगमंचावरचा वादक एका जागी बसलेला असतो. इथे टेम्पो सरकतो, थांबतो, गचका देतो. पुढे नाचणाऱ्यांचा घोळका एका चौकात अर्धा तास अडून बसतो आणि पुढच्या शंभर पावलांत पांगतो. बेंजोवाल्याची नजर सतत त्यांच्या पायांवर. दमलेत असं दिसलं की तो एकवीरा आईच्या गाण्याची संथ चाल धरतो, श्वास परतला की दोन आवर्तनांत लय चढवतो. ढोलकीवाल्याला तो तोंडाने काही सांगत नाही, मान उचलून बघतो तेवढं पुरतं. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सूर तुटता कामा नये. तुटला की नाच तुटतो आणि नाच तुटला की पुन्हा उभा करायला घाम निघतो.

त्यात पाऊस. हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला साड्यांच्या दुकानांच्या आधी पाणी आठवतं. हा भाग आजूबाजूपेक्षा खोलगट, त्यामुळे मुसळधार सरीची भरतीशी गाठ पडली की रस्त्याचा तलाव होत आला आहे. पालिकेने अलीकडे जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधून ते पाणी साठवायची सोय केली, पण गणपतीच्या दिवसांतली सर कोणाला विचारून येत नाही. अशा वेळी आधी जनरेटर झाकतात, मग ऑक्टापॅड, मग कॅसिओ. बेंजोवर पारदर्शक प्लास्टिक टाकून वादक त्याखाली हात घालतो आणि वाजवत राहतो. दमट हवेत तारांना गंज धरतो, म्हणून खिशात जादा तारा आणि पुसायला फडकं असतंच. नायगावच्या एका चाळीच्या अंगणात तालमीला बसलो असताना एक वादक गप्पा मारता मारता एकेक बटण दाबून कान लावून पाहत होता. एक बटण थोडं आळशी झालं होतं, उठायला क्षणभर उशीर करत होतं. त्याने झाकण काढलं, स्प्रिंग चिमट्याने ओढून पाहिली, थेंबभर तेल सोडलं आणि तेच बटण सलग वाजवत राहिला, पहिल्यांदा सावकाश, मग इतकं जलद की स्वर एकमेकांत मिसळून गेले. समाधान झाल्यावरच त्याने चहा उचलला.

शिकणं असंच, अंगणात. थोरला भाऊ वाजवतो, धाकटा शेजारी बसतो. कागदावर स्वर कोणी लिहीत नाही. गाणं मोबाइलवर चार वेळा ऐकायचं, पाचव्यांदा बोटांनी शोधायचं. दिवसा कुरिअर, इस्पितळातली वॉर्डाची कामं, दुकानातली नोकरी; रात्री तालीम. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे गेले, गिरणीच्या पगारावर उभं असलेलं वस्तीचं जगणं मोडलं; पण सणाच्या आधी महिनाभर चाळीत तालीम बसवायची सवय टिकली. सुपारी फक्त गणपतीची नसते. दहीहंडी, नवरात्र, आगरी-कोळ्यांच्या हळदी, लग्नाच्या वराती, आणि 14 एप्रिल. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत तीच पेटी भीमगीतं वाजवते, आणि नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पोरांना त्या रात्री ती कशी वाजते हे वेगळं सांगावं लागत नाही. एकच वादक सप्टेंबरात मोरयाच्या गजराला साथ देतो आणि एप्रिलमध्ये जयभीमच्या. या शहरात दोन्हीकडे सारख्याच मानाने बोलावली जाणारी वाद्यं फार थोडी आहेत.

बेंजोविषयी तक्रार आहे ती आवाजाची. ती खोटी नाही. परळमध्ये केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. खिडकीआड आजारी माणसं झोपलेली असतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायला सांगतात आणि वर्षातले मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट देतात, ते पाळलेच पाहिजेत. पण डीजेच्या भिंतीला आणि बेंजोला एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. एकीकडे बटण दाबून सोडलेलं तयार गाणं, दुसरीकडे दहा-बारा माणसं मिळून त्या क्षणी वाजवत असलेलं गाणं. आवाज कमी केला तरी बेंजोत ऐकण्यासारखं बरंच उरतं. वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स यांसारख्या पार्ट्यांची चित्रणं लोक घरी बसून, बारीक आवाजात, पुन्हा पुन्हा लावतात, ती त्यासाठीच. 2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला. त्यात न्यूयॉर्कची एक तरुणी या आवाजाच्या शोधात मुंबईत येते. मोठ्या पडद्यावर या वादकांना नायकपण मिळालं याचा आनंद झाला, पण आपल्या दारातला सूर ओळखायला कथेतही परदेशातून कोणी यावं लागलं, हे टोचतं.

प्रत्यक्षात परदेशाने या पेटीला कसं ऐकलं याचं उदाहरण शेजारच्या देशात आहे. मकरानच्या पसनी गावाजवळचा नूर बख्श हा बेंजूवादक. आयुष्य लग्नसमारंभांत आणि दर्ग्यांवर वाजवण्यात गेलं, सोबतीला दमबुऱ्याचा ठेका आणि एक छोटा अँप्लिफायर. 2022 मध्ये त्याचा 'जिंगुल' हा संग्रह आला आणि 2023 मध्ये म्हातारपणी तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या तरुण श्रोत्यांना बलुची कळत नव्हती, तरी ते अख्खी मैफल ऐकत उभे राहिले. पेटी तीच, नागोयाची.

इथिओपियाच्या क्रारचीही हकीकत अशीच. पाच-सहा तारांचं हे जुनं वाद्य तिथले अझमारी गवई लग्नात आणि मद्यगृहांत वाजवत आले. लोक त्यांच्या कपाळावर नोट चिकटवून दाद देतात, पण समाजात त्यांना वरचं स्थान नाही. त्याच क्रारला वीज जोडून लंडनमधल्या क्रार कलेक्टिव्ह या इथिओपियन संचाने 2012 मध्ये 'इथिओपिया सुपर क्रार' काढलं आणि युरोपातल्या महोत्सवांत लोकांना नाचवलं. वीज जोडलेली तार, एक ताल, एक आवाज. लालबागच्या पोरांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गणपती-नवरात्र आटोपल्यावर, पार्ट्यांना उसंत असते तेव्हा, प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात बेंजोची बसून ऐकायची मैफल व्हावी. तिकीट लावून व्हावी, आणि कलावंतांना बिदागी मिरवणुकीच्या सुपारीपेक्षा कमी नसावी. पहिल्या भागात फक्त बेंजो आणि एक ढोलकी, कर्णे बंद, म्हणजे तो केसभर सरकणारा स्वर मागच्या रांगेपर्यंत पोचेल. दुसऱ्या भागात पूर्ण ताफा. वादकांची नावं फलकावर मोठ्या अक्षरात, पार्टीच्या नावाइतकीच. ध्वनिमुद्रण नीट करून घ्यावं, कारण आज जे जुने हात वाजवतात त्यांच्या चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. आणि पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्या काढून ठेवाव्यात. दुसरा भाग सुरू झाला की त्या जागेची गरज पडेल.