अप्सरांनीं धरलेला पाथरवट



कांहीं शब्द कोशांत सुखानें नांदतात, पण बोलण्यांत क्वचितच येतात. इंग्रजींतील 'निम्फोलेप्सी' हा त्यांपैकींच एक. देहभान हरपून मनुष्य एखाद्या दिव्य ओढीनें भारला जातो, त्या अवस्थेचें हें नांव. ग्रीक भाषेंत 'निंफे' म्हणजे नववधू. झरे, डोंगर व गुहा यांत वसणाऱ्या देवताही याच नांवानें ओळखल्या जात. 'लेप्सिस' म्हणजे धरणें, पकडणें. 'एपिलेप्सी' या रोगनामांतही हाच अवयव आहे. पाणवठ्यावरच्या साती आसरांनीं अमक्याला 'धरलें', असें आपल्याकडेही म्हणतात. आणि 'आसरा' हें 'अप्सरा' शब्दाचेंच रूप. तेव्हां ही कल्पना मराठी कानाला अगदींच परकी वाटूं नये.

पण असें धरलें जाणें हा शाप कीं प्रसाद? प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत सॉक्रेटीस इलिसस नदीकांठीं चिनाराच्या छायेंत बसला आहे. बोलतां बोलतां आपल्याला येथील अप्सरांनीं पछाडलें तर नवल मानूं नकोस, असें तो मित्राला बजावतो. त्यांत थोडा विनोद आहे. परंतु देवदत्त उन्मादापासून माणसाला थोर लाभ होतात, हेंही तो पुढें त्याच संवादांत सांगतो.

या प्रश्नाचें याहून ठोस उत्तर अथेन्सच्या दक्षिणेस, हिमेटस डोंगरावरील वारीच्या गुहेंत आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत थेरा बेटावरून आलेला आर्किडीमस नांवाचा एक मनुष्य तेथें राबला. अप्सरांच्या सांगण्यावरून आपण ही गुहा घडविली, असें त्यानें खडकांत कोरून ठेवलें आहे. आणि स्वतःला 'अप्सरांनीं धरलेला' असें अभिमानानें म्हटलें आहे. त्यांच्यासाठीं आपण बाग लावल्याचेंही तो नोंदवितो. भिंतीवर त्याची स्वतःची ओबडधोबड आकृति आहे; हातांत पाथरवटाचीं हत्यारें!

इंग्रज विद्वान रिचर्ड चॅन्डलर यानें १७६५ सालीं ही गुहा पाहिली व १७७६ च्या आपल्या ग्रीसच्या प्रवासवर्णनांत या अवस्थेचें नांव इंग्रजी वाचकांपुढें ठेवलें. १८१८ सालीं बायरननें तो शब्द काव्यांत आणला, तोंवर त्याचा अर्थ हळवा झाला होता : जें कधींच लाभणार नाहीं त्यासाठीं झुरणें. पुढें १९०१ सालीं अमेरिकन संशोधकांनीं गुहेचें उत्खनन केलें.

कवींचा भारलेला मनुष्य झुरत बसतो. गुहेंतला पाथरवट मात्र छिन्नी उचलतो, पायऱ्या खोदतो, झाडें लावतो. त्याला खरोखर काय दिसलें, हें आज कोणीच सांगूं शकणार नाहीं. वेड होतें कीं साक्षात्कार, याचा निवाडा त्याच्या मनांत शिरून करतां येत नाहीं. पण तंद्री ओसरल्यावर हातून काय घडलें, तें दगडावर आजही वाचतां येतें. भावावस्थेची याहून प्रामाणिक साक्ष दुसरी कोणती असूं शकेल?